दालन बंद आहे, पाणी घालू नये

शब्द देणे मनुष्याच्या हाती असते. तो पाळला जाणे मात्र पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असते. एकाच मनुष्याने एकाच पंधरवड्यात दोन ठिकाणी दोन शब्द दिले, आणि ते दोन्ही शब्द एकाच दिवशी दाराशी येऊन उभे राहिले, तर त्याने कोणाकडे पाठ फिरवावी, याचा निर्णय जुन्या शास्त्रकारांनी करून ठेवलेला दिसत नाही. त्यांच्या काळी इस्लामपुरात कलादालन नव्हते, हे त्याचे एक कारण असू शकेल.

आता आहे. बाजारपेठेच्या मागल्या अंगाला, जिथे पूर्वी गुळाचे गोदाम होते, तिथे 'समकालीन कलादालन' अशी पाटी आहे. भिंतींना चार वेळा पांढरा रंग दिला, तरी उन्हे तापली की त्यांतून गुळाचा वास येतो, आणि चित्रांकडे माणसांपेक्षा मुंग्याच अधिक निष्ठेने येतात. या दालनाचे मानद व्यवस्थापक कृष्णात सर. शाळेत छत्तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. वाळवा तालुक्यातील दोन पिढ्यांकडून त्यांनी तांब्या आणि पेला यांचे वस्तुचित्र काढून घेतले. "तांब्याचं तोंड गोल असतं, पण दिसतं लंबगोल, जे दिसतं ते काढा," हे वाक्य ऐकल्यावाचून त्या तालुक्यात कोणी दहावी झाला नाही.

सरांचा पहिला शब्द त्यांच्या कन्येला दिलेला होता. सारिका साताऱ्यास असते. तिच्या साखरपुड्याच्या दिवशी दालनात एका शिल्पकाराच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते, म्हणून सर पोहोचले तेव्हा पंगत उठली होती. लग्नात ते शेवटच्या मंगलाष्टकाला आले आणि त्यांच्या बोटांना लागलेला डिंक अक्षतांना चिकटून राहिला. हेही तिने हसून घेतले. परंतु पहिले बाळंतपण माहेरी व्हावयाचे, तर माहेरच्या त्या खोलीत दालनाच्या अठ्ठावीस चौकटी भिंतीला टेकून उभ्या. सर म्हणाले, आठवडाभरात हलवतो. चौकटी हलल्या नाहीत. बाळंतपण साताऱ्यालाच झाले. मुलगी झाली. बारसे अठ्ठावीस डिसेंबरला दुपारी चार वाजता ठरले. तोपर्यंत सगळे त्या बाळाला पिंकी म्हणत होते.

सारिका फोनवर एवढेच म्हणाली, "बाबा, बारशाच्या फोटोत तरी या."

रागावली असती तर सरांनी उत्तर दिले असते. ती रागावली नाही, म्हणून सरांनी शब्द दिला.

तो शब्द पाळण्यासाठी दालन बंद ठेवणे आवश्यक होते, आणि दालन बंद ठेवण्यासाठी विश्वस्तांची बैठक आवश्यक होती. अध्यक्ष आण्णा. वय ऐंशी, ऊस चाळीस एकर, कलेविषयी आदर आणि अंतर ही दोन्ही सारखीच. सरांनी विषय मांडला की वर्षअखेरीस दालनास दहा दिवसांची सुटी असावी.

"कसली वर्षअखेर?" आण्णा म्हणाले. "कारखान्याचा हंगाम ऐन भरात हाय. गाड्या रस्त्यावर उभ्या हायत्या. आन तुमचं वरीस संपलं व्हय?"

यावर पुढील पाऊण तास कालगणनेची जी चर्चा झाली, ती एखाद्या पंचांगकर्त्यानेही आदराने ऐकावी अशी होती. एका विश्वस्तांच्या मते वर्ष पाडव्याला संपते. दुसरे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मते ते एप्रिलअखेर, निकाल लागला की संपते. तिसरे व्यापारी, त्यांचे वर्ष दिवाळीलाच संपून गेले होते, आणि संपलेल्या गोष्टीची पुन्हा सुटी कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. अखेर सर म्हणाले की मुंबई-पुण्याची सगळी मोठी कलादालने डिसेंबरच्या अखेरीस बंद राहतात आणि रसिकांसाठी ऑनलाइन कार्यक्रम ठेवतात.

आण्णा सावरून बसले.

"मुंबईची बंद असत्यात?"

"असतात."

"मग आपण का मागं राहायचं? आपण बी बंद ठिवू. चांगलं दणक्यात बंद ठिवू!" मग थोडा विचार करून ते पुढे म्हणाले, "फकस्त लोकांनी बघितलं पायजे."

बंद ठेवावयाचे, परंतु लोकांनी पाहिले पाहिजे, असा ठराव एकमताने संमत झाला. सरांनी ऑनलाइन कार्यक्रम आखले ते दोन. पहिला म्हणजे 'समकालीन कला म्हणजे काय?' या विषयावरील त्यांचेच बेचाळीस मिनिटांचे व्याख्यान, जे त्यांनी आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिले होते. दुसरा म्हणजे दालनाच्या मध्यभागी मांडलेल्या कलाकृतीचे अखंड थेट प्रक्षेपण. सर्व गोंधळाचे मूळ या दुसऱ्यात होते.

ती कलाकृती प्रबुद्धची. प्रबुद्ध मूळचा वडूजचा. बडोद्यास कला शिकला आणि बारा वर्षे तिकडेच राहिला. त्याने बारा फूट लांब, आठ फूट रुंद अशी लाकडी चौकट करून तीत आपल्या शिवारातली काळी माती भरली होती, ओळी धरून ज्वारी पेरली होती, आणि कामाला नाव दिले होते 'प्रतीक्षा'. त्याचे म्हणणे असे की दुष्काळी मुलखात दाणा मातीत पडल्यावर नुसती वाट पाहतो. ते वाट पाहणे लोकांनी पाहावे. दहा दिवस मातीला पाण्याचा स्पर्श होऊ नये. दोन जानेवारीस तो स्वतः येऊन एक तांब्या पाणी घालील, आणि काम पूर्ण होईल. करारपत्रात कलम होते: 'तोवर पाण्याचा एक थेंबही पडणार नाही, याची जबाबदारी व्यवस्थापकांची व्यक्तिशः राहील.' सरांनी सही केली. कुलूपबंद गोदामातल्या मातीवर पाणी कोण घालणार? हा त्यांचा दुसरा शब्द.

तेवीस डिसेंबरला समोरच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून वाजिद आला. त्याने छताला कॅमेरा बसवला आणि वायफायची तार आपल्या दुकानातून ओढून दिली. सरांनी दारावर सुंदर अक्षरांत सूचना लावली की वर्षअखेरीनिमित्त दालन एक जानेवारीपर्यंत बंद राहील, रसिकांनी ऑनलाइन लाभ घ्यावा. खाली स्वतःचा मोबाईल क्रमांक लिहिला. ही नम्रता त्यांना पुढे फार जड गेली.

पहिल्या दिवशी थेट प्रक्षेपण अकरा जणांनी पाहिले. त्यांतले सात वाजिदच्या दुकानात मोबाईलची काच बदलून घ्यायला बसलेले होते. व्याख्यान तिघांनी पाहिले. तिघांपैकी एक सर होते आणि एक त्यांच्या पत्नी शालनताई, ज्यांचा अंगठा चुकून लागला होता.

चोवीस तारखेला सकाळी राहीबाई दुकानात आल्या. राहीबाई दालनाच्या पायरीशेजारी भाजी विकतात. त्यांनी मोबाईल चार्जिंगला लावता लावता वाजिदच्या पडद्याकडे पाहिले.

"ही काय रं?"

"आतलं हाय मावशी. सरांचं."

राहीबाईंनी डोळे बारीक केले. "पेरलंय की."

"व्हय."

"पानी?"

"न्हाई घालायचं. तसंच हाय ते."

राहीबाई तडक सरांच्या घरी गेल्या. सर कपड्यांची बॅग भरत होते.

"आवं सर, पेरून ठिवलंय आन पानी न्हाई? किती दिस झालं?"

"राहीबाई, ते शेत नव्हे. ती कलाकृती आहे."

"आसंल. पर दाणा खराच हाय न्हवं?"

सरांनी बेचाळीस मिनिटांच्या व्याख्यानात समकालीन कलेवरील बारा आक्षेपांना उत्तरे दिली होती. हा तेरावा निघाला. ते म्हणाले, "दाणा खरा आहे."

"मग किल्ली द्या. एक बादली मारून येतो."

"राहीबाई, पाणी घालायचं नाही हाच त्यातला अर्थ आहे!"

राहीबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की ज्या नजरेने मनुष्य ताप चढलेल्या माणसाकडे पाहतो. मग शालनताईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "वैनी, सरांचं जेवणखाण बरं हाय न्हवं?"

त्या दुपारी राहीबाईंनी पडद्यावरचे दृश्य आपल्या बहिणीला पाठवले. बहिणीने लोणंदच्या नणंदेला पाठवले. सायंकाळपर्यंत पाहणारे चार हजार झाले, आणि सरांचा मोबाईल वाजू लागला तो थांबेना. कोणी म्हणाले, ठिबक करा. कोणी म्हणाले, बीजप्रक्रिया केली होती का. कृषी खात्यातले एक निवृत्त पर्यवेक्षक वाण कोणता हे विचारत होते, सरांना तो सांगता आला नाही, तेव्हा त्यांनी "मग काय बोलायचं!" म्हणून फोन ठेवला. थेट प्रक्षेपणाखाली लोक लिहीत होते ते निराळेच. खटावच्या एका जवानाने लिहिले: 'सर, ड्युटीवरून बघतोय. पानी सोडा. जय हिंद.' सरांनी सूचनेखाली तांबड्या शाईने आणखी एक ओळ वाढवली: 'पाणी घालू नये.'

कोणत्याही सूचनेचा पहिला परिणाम असा असतो, की जे कोणाच्या मनात नव्हते ते सर्वांच्या मनात येते. पंचवीस तारखेला, नाताळच्या दुपारी, कोणीतरी पाठीवरचा फवारणी पंप घेऊन दालनाच्या मागच्या भिंतीला शिडी लावली, आणि झरोक्यातून नळी आत घालून जमेल तेवढे शिंपडले. शिडी कोणाची हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. आपल्या दुकानातली शिडी त्या वेळी दुकानातच होती, असे वाजिद न विचारता चार वेळा म्हणाला.

वार्ता कळताच सर धावत आले. उत्तरेकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा ओली झाली होती. आता शब्द म्हणजे शब्द. सरांनी चौकटीवर आडवी फळी टाकली, सदरा मळू नये म्हणून काढून खुंटीला लावला, आणि गंजिफ्रॉकवर त्या फळीवर पालथे पडून शाळेच्या दिवसांतल्या टीपकागदाने ते पाणी एकेक थेंब टिपू लागले. चित्रावर सांडलेले पाणी कसे टिपावे हे त्यांनी हजारो मुलांना शिकवले होते. दाबायचे नाही, नुसता स्पर्श करायचा. काम इतके तन्मयतेने चालले होते की छतावरच्या कॅमेऱ्याची आठवण त्यांना तेवीस मिनिटांनी झाली.

तोवर नऊ हजार लोक पाहत होते.

ज्या गृहस्थाने आयुष्यात कधी बाही दुमडूनही वर्गात पाऊल टाकले नव्हते, तो गंजिफ्रॉकवर पालथा पडून तहानलेल्या दाण्यांच्या तोंडचे पाणी काढून घेतो आहे, असे ते दृश्य होते. त्याचा अर्थ लावावयास कोणाला व्याख्यानाची गरज पडली नाही. 'हा कोण दुष्ट?' असे इस्लामपूरच्या एका बाईंनी विचारले. 'आमचे ड्रॉइंगचे सर. पूर्वी असे नव्हते,' असे एका माजी विद्यार्थ्याने हात जोडल्याचे चिन्ह टाकून उत्तर दिले. साताऱ्याहून व्याह्यांचा फोन आला. व्याही फार मर्यादेने बोलणारे; ते म्हणाले, "व्याहीबुवा, प्रकृती बरी ना? नाही, थोडं पाणी राहिलं असतं तर... बरं, असो. अठ्ठावीसला येताय ना?"

सव्वीस तारखेला एका कचेरीतून एक साहेब आले. 'शहर हद्दीत उभे पीक पाण्यावाचून मारले जात आहे,' अशी ऑनलाइन तक्रार आली होती, आणि तक्रार आली की तिचा निपटारा सात दिवसांत दाखवावा लागतो. साहेबांनी कागद काढला.

"पीक हाय का न्हाई, येवढंच सांगा."

"पीक नाही. कलाकृती."

"ज्वारी हाय का न्हाई?"

"ज्वारी आहे."

"मग पीक हाय. आता जागा बघू." त्यांनी दुसरा कागद काढला. "ही जागा आमच्याकडं गूळ गोदाम म्हणून हाय. गोदामात पीक कसं घेता? परवानगी?"

"साहेब, पीक घेत नाही. पाणीच घालत नाही ना आम्ही!"

"तेच तर. तीच तक्रार हाय," साहेब समाधानाने म्हणाले. "पीक असंल तर जागेचा वापर चुकला. पीक नसंल तर तक्रार खोटी, मग तुमी तसं लिहून द्या की ज्वारी ही ज्वारी न्हाई."

सरांना ते लिहून देववेना. अखेरीस पंचनामा झाला. पिकाचे नाव: ज्वारी. क्षेत्र: शहाण्णव चौरस फूट. पिकाची अवस्था या रकान्यापाशी साहेब बराच वेळ थांबले. सरांकडे पाहिले, मातीकडे पाहिले, आणि लिहिले: कलात्मक. निघताना ते दाराशी घुटमळले. "सर, मी पण तुमचाच विद्यार्थी. तांब्या काढायचो. एक सांगू का?"

"पाणी घाला, असंच ना?"

"व्हय," साहेब म्हणाले आणि लाजून निघून गेले.

सरांनी बडोद्यास फोन लावला. त्यांची अपेक्षा होती की प्रबुद्ध हळहळेल आणि म्हणेल, सर, पुरे झाले, उघडा दालन. प्रबुद्ध आनंदाने ओरडला.

"सर, मी रोज बघतोय! लोकांची ही तगमग, हेच तर काम आहे! मला इतकं अपेक्षितच नव्हतं. तुम्ही टीपकागद घेऊन झोपलात ना, तो तर... सर, तुम्ही कामाचा भाग झालात!"

"मला कामाचा भाग व्हायचं नाही. मला साताऱ्याला जायचं आहे."

"फक्त थेंब पडू देऊ नका, सर. तुमचा शब्द आहे."

त्याच दिवशी शालनताई एकट्याच साताऱ्यास निघाल्या. अंगडी-टोपडी, चांदीचा वाळा, घुगऱ्यांसाठी निवडलेले हरभरे असे सगळे त्यांनी पिशवीत भरले. सर दालनाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. झरोक्याला त्यांनी पत्रा ठोकला होता; दाराच्या फटीत कोणीतरी सारलेले ओले पोते काढून उन्हात टाकले होते. शालनताई पायरीपाशी थांबल्या.

"तुम्ही मातीची राखण करा," त्या म्हणाल्या. "मी लेकीची करते."

छत्तीस वर्षांत मुख्याध्यापकांनीही सरांना इतक्या कमी शब्दांत शिक्षा केली नव्हती.

आता प्रश्न एकच उरला: अठ्ठावीसला खुर्चीवर कोण बसणार? आण्णांना विचारले, तर ते म्हणाले, "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई सर. जलमभर पाणी पाजत आलोय." वाजिदने कानाला हात लावले. "सर, आमच्या रशीदाभाभी जेवताना रोज विचारत्यात, दाणं जित्तं हायत का. मी बसलो तर मीच घालीन. माझ्यावर भरवसा ठिवू नका." साऱ्या इस्लामपुरात त्या मातीवर पाणी घालणार नाही असा एक मनुष्य सरांना सापडेना. लोकांच्या चांगुलपणाचा इतका त्रास त्यांना पूर्वी कधी झाला नव्हता.

अठ्ठावीस उजाडली. दहा वाजले. साताऱ्याला जाणारी साडेअकराची एसटी चुकली की बारसे चुकले. सर खुर्चीत बसले होते, बॅग पायाशी होती, आणि समोर भाजीच्या पाट्यांमागून राहीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्या नजरेत आता राग राहिला नव्हता, कीव होती.

अकराच्या सुमारास बसस्थानकाकडून एक म्हातारी चालत आली. नऊवारी, पायांत रबरी चपला, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात गोड्या तेलाचा पाच लिटरचा रिकामा झालेला, पण आता पाण्याने भरलेला डबा. पाटी वाचल्यासारखे करून तिने विचारले, "किसनात सर कोण?"

"मी."

"जय भीम सर. मी जाईबाई. वडूजची. परबुद्धाची आई."

सरांना वाटले, खुद्द विधात्याने एसटीने माणूस धाडला. ते उभे राहिले. "जय भीम, जय भीम! या, बसा. एकट्या आलात?"

"कराडात गाडी बदलली. पोराचं काम बघावं म्हनलं. गावात समदी मोबाईलवर बघत्यात, मला त्यातलं काय दिसत न्हाई."

कलावंताच्या हेतूचे रक्षण कलावंताच्या जन्मदात्रीहून अधिक निष्ठेने कोण करील? सरांच्या मनात संशयाला तिळाएवढीही जागा राहिली नाही. त्यांनी घाईघाईने कलम सांगितले, थेंब, दोन जानेवारी, शब्द. जाईबाई मान डोलावत ऐकत होत्या. "व्हय," त्या प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होत्या, "व्हय, त्येनं फोनवर सांगिटलं हुतं." सरांनी दार उघडले, खुर्ची आत नेली, आणि म्हातारीला ओझे नको म्हणून तो डबाही स्वतःच उचलून आत नेऊन स्टुलावर ठेवला.

"प्यायचं पाणी घेऊन आलात हे बरं केलंत," ते म्हणाले. "इथलं जरा मचूळ आहे."

"आमच्या हिरीचं हाय," जाईबाई म्हणाल्या.

सरांनी किल्ली त्यांच्या हाती दिली आणि बसस्थानकाकडे धाव घेतली. राहीबाई पायरीवरून उठून दालनात शिरताना त्यांना दिसल्या नाहीत. किंवा दिसल्या, आणि त्यांनी त्या पाहिल्या नाहीत.

ऊसगाड्यांच्या रांगांतून रखडत एसटी साताऱ्यास पोहोचली तेव्हा साडेतीन झाले होते. घर बायकांनी भरले होते. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, घुगऱ्यांचा वास येत होता, आणि पिंकी कोणाच्या तरी मांडीवर मुठी वळून झोपली होती. सारिकाने बापाला दारात पाहिले. तिने नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुसरीकडे तोंड वळवून डोळे पुसले. सरांना वाटले, आता काही राहिले नाही. त्यांनी बूट काढले.

त्याच क्षणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला विहीणबाई किंचाळल्या, "अगं बाई, ती बघा!"

पाळण्यापाशी जमलेल्या अर्ध्या बायका एका मोबाईलवर वाकल्या होत्या. सरांनी वाकून पाहिले. पडद्यावर दालन होते. चार तास नुसते मातीकडे बघत बसलेल्या जाईबाईंनी आता चपला काढून ठेवल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पितळी तांब्या काढला, डब्यातून भरून घेतला, चौकटीच्या कडेला बसल्या, आणि ओळीओळीने, बोटांमधून गाळत, पाणी सोडू लागल्या. त्यांच्यामागे राहीबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. प्रक्षेपणाखाली कोणीतरी लिहिले: 'डबा सरांनीच आत ठेवला. आम्ही पाहिले. सर, माफ करा, तुम्हाला ओळखले नाही!' पाहणारे एकोणीस हजार होते.

एखाद्याचा शब्द मोडतो तेव्हा त्याला काय दिसते, हे सांगणे कठीण आहे. सरांना दिसले ते एवढेच, की तांब्याचे तोंड अगदी बरोबर लंबगोल दिसत होते.

मग त्यांचा मोबाईल थरथरला. आण्णा. तो तोडला तोच वाजिद. मग बडोदा, बडोदा पुन्हा, बडोदा पुन्हा. व्याही काळजीने म्हणाले, "घ्या, घ्या, महत्त्वाचं असेल." इस्लामपूरसाठी पेठनाक्याकडे जाणारी गाडी पाऊण तासाने होती, हेही सरांना ठाऊक होते. छत्तीस वर्षांत हजेरीपत्रकावर खाडाखोड न केलेल्या त्या माणसाच्या नावावर एकोणीस हजारांच्या साक्षीने करारभंग चालला होता, आणि अजून निम्म्या ओळी कोरड्या होत्या. मनुष्याने फोन उचलून कोणाला तरी आत धाडले असते तर निम्मे तरी वाचले असते.

"बाबा," सारिका म्हणाली. तिने बाळाला पाळण्यात ठेवले होते. आत्या कानाशी वाकावयास तयार होती. "दोरी धरता का?"

तिने विचारले अशा सुरात, की नाही म्हटले तरी चालेल. याच सुराची सरांना भीती वाटत असे.

सरांनी मोबाईलचे बटण दाबून धरले. पडदा काळा झाला. तो त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला, वाकून पाळण्याची दोरी हाती घेतली, आणि चित्रावरचे पाणी टिपावे तितक्या हलक्या हाताने एक झोका दिला. आत्याने कानात कुर्रर्र केले आणि नाव सांगितले: वसुंधरा. सगळ्यांनी छान छान म्हटले, आणि लगेच म्हणाले, "पिंकी जागी झाली बघा." फोटोत सर मध्यभागी आहेत. एक पायमोजा उलटा आहे.

मोबाईल त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लावला. एकशे त्रेचाळीस फोन येऊन गेले होते. त्यांनी कोणालाही उलट फोन केला नाही. सारिका म्हणाली, राहा, आणि ते एक तारखेपर्यंत राहिले.

दोन जानेवारीस सर दालनात पोहोचले तेव्हा दाराबाहेर रांग होती. आत प्रबुद्ध उभा होता, बडोद्याची बॅग खांद्यावर तशीच, हातात करारपत्र. त्याच्या समोर चौकटीतल्या काळ्या मातीतून बोटबोटभर हिरवे कोंब सरळ ओळीत उभे होते. जाईबाई स्टुलावर बसल्या होत्या. पाच दिवस त्या राहीबाईंकडे उतरून सकाळ-सायंकाळ पाणी देत होत्या.

"आई, मी तुला फोनवर सांगितलं होतं," प्रबुद्ध म्हणत होता. त्याचा स्वर चढला होता. "वाट बघणं, हेच काम होतं. नुसतं वाट बघणं!"

"आरं, ठावं हाय मला," जाईबाई म्हणाल्या. "बारा वर्सं बघितलीच की मी. दर दिवाळीला येतो म्हनायचास. आता ह्या दाण्यांनी बी बघायची व्हय रं?"

प्रबुद्धने करारपत्राची घडी केली, उघडली, पुन्हा घडी केली. सरांनी पुढे होऊन सांगितले की जबाबदारी त्यांची आहे, डबा त्यांनीच आत ठेवला, आणि ते कोणत्याही परिणामाला तयार आहेत. तेही त्याने ऐकल्यासारखे दिसले नाही. शेवटी त्याने आईच्या हातचा तांब्या घेतला, उरलेले पाणी त्यात ओतले आणि ठरल्याप्रमाणे मातीवर सोडले. मग भिंतीवरच्या पाटीपाशी गेला. 'प्रतीक्षा' या नावाखाली त्याचे नाव होते. त्याच्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिले: आणि जाईबाई.

"अक्षर तिरकं आलंय," सर सवयीने म्हणाले.

"असू द्या, सर."

बाहेर आण्णांनी रांग मोजून घेतली होती आणि ते प्रसन्न होते. "सर, वर्षभर उघडं ठिवून येवढी मानसं आली न्हाईत. फुडच्या वर्षी महिनाभर बंद ठिवू!" सरांनी दारावरची सूचना काढली, तांबड्या शाईच्या ओळीसह तिची नीट घडी करून खिशात ठेवली, आणि घरी जाऊन माहेरच्या त्या खोलीतल्या चौकटी एकेक करून हलवावयास सुरुवात केली. संक्रांतीला लेक येणार होती.

त्या चौकटी यंदा तरी परत खोलीत न येवोत. वडूजच्या विहिरीला पाणी राहो, जाईबाईंच्या दाराशी दर दिवाळीला बडोद्याची बॅग टेको, आणि ज्यांना पेरलेले कोरडे पाहवत नाही अशा सगळ्या शेजाऱ्यांचे हात ओले असोत. साताऱ्यातल्या त्या लहानगीला तिच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारो वा न मारो, तिला उदंड आयुष्य लाभो.